चौघांच्या संघात कोणी केव्हा बोलायचं आणि कुठे उभं राहायचं

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत आधी मांडतो. लॉन बोल्स, म्हणजे 'जॅक' या छोट्या चेंडूच्या जितकं जवळ जाईल तितकं आपले मोठे चेंडू ('बाऊल') हिरवळीवरून घरंगळत नेण्याचा खेळ, खेळायला लागून तुम्हाला काही महिने झालेत. चौघांच्या संघात (टाकण्याच्या क्रमाने लीड, सेकंड, थर्ड आणि कप्तान म्हणजे स्किप) दर वेळी तुम्हाला लीडला टाकतात आणि "सगळ्यात कच्चा खेळाडू लीडला असतो" हे कुणाचं तरी बोलणं तुम्हाला लागलं आहे. त्यात मागच्या सामन्यात तुम्ही मॅटपाशी, म्हणजे बाऊल टाकायच्या जागी, उभं राहून थर्डला "बॅकहँडने टाक" असं सुचवलंत (उजव्या हाताच्या खेळाडूने बाऊल डावीकडून वळवत आणणं म्हणजे बॅकहँड, उजवीकडून म्हणजे फोरहँड), तर स्किपने तुम्हाला गप्प केलं. पुढे हेडजवळ, म्हणजे जॅक आणि त्याच्याभोवती पडलेल्या बाऊलजवळ, थांबलात, तर समोरच्या संघातून "मागे व्हा" असा आवाज आला. एंड (सगळ्यांचे बाऊल टाकून होणारी एक फेरी) संपल्यावर कोणाचे बाऊल जॅकच्या जवळ याचं मोजमाप व्हायच्या आत तुम्ही एक बाऊल उचललात आणि त्यावरून वाद झाला. नियमांचं पुस्तक वाचूनही कोणी काय करायचं याचा उलगडा होत नाही, असं तुम्ही लिहिलं आहे.

माझ्या मते हे चार प्रश्न नाहीत, एकच आहे. नवीन माणसाला आपण भूमिका एका दिवशी शिकवतो आणि शिष्टाचार दुसऱ्या दिवशी, जणू पहिलं खेळाचं आणि दुसरं सभ्यतेचं. त्यामुळे शिष्टाचार म्हणजे मोठ्यांनी घातलेली बंधनं वाटायला लागतात. प्रत्यक्षात दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: या घडीला रिंक, म्हणजे सामना चालू असलेला हिरवळीचा पट्टा, कोणाच्या ताब्यात आहे, आणि निर्णय कोणाचा आहे. एवढं मनात स्पष्ट असलं की कुठे उभं राहायचं, केव्हा तोंड उघडायचं आणि हात कशाला लावायचा नाही, हे बरंचसं आपोआप सुचतं.

मी पुढे जे सांगतो आहे ते चौघांच्या सामन्याला धरून आहे, जिथे प्रत्येकाला दोन बाऊल मिळतात. तिघांच्या संघात थर्ड नसतो, त्याची जबाबदारी सेकंडवर येते. जोडीत लीड आणि स्किप एवढेच, त्यामुळे हेड सांभाळणं आणि मोजमाप लीडच्याच वाट्याला येतं. स्पर्धेच्या अटींनीही फरक पडतो. काही स्पर्धांत हेडपर्यंत कोणी केव्हा चालत जायचं यावर मर्यादा असते. शिवाय स्किपचा स्वभाव आहेच. एखाद्याला थर्डचं मत सतत हवं असतं, एखाद्याला विचारल्याशिवाय एक शब्दही नको असतो. म्हणून पहिला बाऊल पडायच्या आधी स्किपला सरळ विचारा, "माझ्याकडून काय हवं?" यात कमीपणा काही नाही.

आता लीड. कच्च्या माणसाला लीडला टाकतात, ही समजूत मला मनापासून खटकते. काही क्लबांत तसं केलं जातं हे खरं, पण ते संघाचं नुकसान करून केलं जातं. लीडने मॅट अंथरायची, जॅक टाकायचा, तो मध्यरेषेवर नीट लावला गेल्याची खात्री करायची आणि मग आपले दोन बाऊल जॅकच्या जितके जवळ जातील तितके न्यायचे. ऐकायला सोपं आहे. पण जॅक मॅटच्या रेषेपासून किमान २३ मीटर जायला हवा, आणि तो २३ वर थांबवायचा की ३० च्या पुढे न्यायचा, यात अर्धा डाव असतो. समोरच्या संघाला लांब पल्ला जमत नाही असं स्किपला दिसलं, तर तो हाताने लांबची खूण करेल, आणि ती लांबी नेमकी देणं तुमच्या हातात आहे. जॅक अंगणात खडा भिरकावल्यासारखा टाकणारा लीड स्किपच्या हातातलं सगळ्यात स्वस्त हत्यार वाया घालवतो. जॅक चुकीच्या अंतरावर गेला तर तो टाकण्याची संधी समोरच्या लीडला मिळते आणि लांबी तो ठरवतो. पहिला बाऊल मात्र तरीही तुमचाच.

दुसरं म्हणजे हिरवळीची गती. संपूर्ण संघात ती सगळ्यात आधी तुम्हाला कळते. बाऊलला साधारण २७ मीटर जाऊन थांबायला किती सेकंद लागतात यावरून हिरवळीचा वेग मोजतात, आणि नवीन माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण जास्त सेकंद म्हणजे वेगवान हिरवळ. १० सेकंदांच्या आसपासची हिरवळ संथ, १५ च्या पुढची वेगवान. वेगवान हिरवळीवर बाऊल हलक्या हाताने सोडला तरी लांब जातो, सावकाश जातो, आणि बायसला (बाऊलला एका बाजूला वळवणाऱ्या त्याच्या घडणीला) काम करायला जास्त वेळ मिळाल्यामुळे जास्त वळतो. म्हणजे बाहेरून जास्त जागा घ्यावी लागते. तुमचे दोन बाऊल कुठून निघाले आणि कुठे जाऊन थांबले, हे पाहून सेकंड आपली वाट ठरवतो. "फोरहँडला दोन पावलं जास्त ग्रीन (बाहेरची जागा) लागतं आहे" एवढं एक वाक्य लीडने सांगितलं, तरी पुढच्या तिघांचा चाचपडण्याचा एकेक बाऊल वाचतो.

लीडचा बाऊल कुठे थांबावा? जॅकपासून एका मॅटच्या लांबीत, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या आत आला तर उत्तम. पण चुकायचंच असेल तर जॅकच्या मागे चुका. आखूड राहिलेला बाऊल आपल्याच मागच्या तिघांच्या वाटेत बसतो. मागे गेलेला बाऊल मात्र पुढे कामाला येऊ शकतो, कारण सामना तापला की जॅकला धक्का बसतो आणि तो बहुतेक वेळा मागेच सरकतो. आणि लीडने ड्राइव्ह, म्हणजे हेड फोडायला जोरात टाकलेला बाऊल, मारायचा मोह ठेवू नये. तोडफोड करायला मागे माणसं आहेत.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिलांनी चौघींच्या प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा लव्हली चौबे लीड होत्या, पिंकी सिंग सेकंड, नयनमोनी सैकिया थर्ड आणि रूपा राणी तिर्की स्किप. अंतिम सामन्यात भारताकडे ८–२ अशी आघाडी होती. दक्षिण आफ्रिकेने ती भरून काढून १०–८ अशी स्वतःची आघाडी घेतली, आणि तिथून भारताने सामना १७–१० असा जिंकला. त्या सामन्याचं चित्रण मिळालं तर एकदा फक्त लीडकडे बघत पाहा. बाकी कुणाकडे लक्ष देऊ नका. लीडला "सुरुवातीला ठेवलेला कच्चा खेळाडू" म्हणायची तुमची तयारी राहणार नाही.

आता तुमच्या "बॅकहँडने टाक" या सूचनेकडे येतो. सूचना चुकीची होती की बरोबर, मला माहीत नाही, आणि तो मुद्दाही नाही. मॅटपाशी उभं राहिलं की ३० मीटरवरचं हेड सपाट दिसतं. जॅकच्या पुढे पाऊण मीटरवर एक बाऊल आणि मागे पाऊण मीटरवर दुसरा असला, तर मॅटवरून ते तिन्ही एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. एखादा बाऊल जॅकच्या बरोबर रेषेत पुढे असेल तर त्याच्यामागे काय दडलंय ते कळतच नाही. स्किप हेडपाशी वाकून बघतो, त्याला जॅकच्या भोवतालची रिकामी जागा दिसते, मागे कुणाचे बाऊल आहेत ते दिसतं, आणि समोरच्या स्किपकडे किती बाऊल शिल्लक आहेत तेही त्याच्या डोक्यात असतं. म्हणून नियमांनीच संघाची सगळी सूत्रं स्किपकडे दिली आहेत, आणि खेळाडूने त्याचं ऐकायचं असतं.

याहून महत्त्वाचं कारण बाऊल हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं आहे. मॅटवर पाय ठेवलेल्या थर्डच्या मनात त्या क्षणी एकच वाट असायला हवी. स्किपने फोरहँड दाखवला, लीडने बॅकहँड सुचवला, की त्याचा हात दोघांच्या मधली वाट शोधतो, आणि तशी वाट नसते. पन्नास टक्के बरा शॉट पूर्ण विश्वासाने खेळणं हे ऐंशी टक्के बरा शॉट शंकेने खेळण्यापेक्षा चांगलं, असं मी शिकवताना नेहमी सांगतो. तेव्हा मॅटपाशी तुम्ही काय बोलू शकता? स्वतःच्या बाऊलने हिरवळीबद्दल जे कळलं ते, आणि तेही तो मॅटवर यायच्या आधी. कोणता शॉट खेळायचा हे नाही.

अर्थात स्किपवरही यात जबाबदारी आहे. बाऊल गेल्यावर "काय केलंस हे?" म्हणणारा स्किप मला चालत नाही. बाऊल कुठे गेला ते सांगावं: "अर्धा मीटर आखूड, वाट बरोबर". छातीसमोर दोन हात धरून अंतर दाखवलं तरी पुरतं. खेळणाऱ्याला पुढच्या बाऊलसाठी एवढीच माहिती लागते. तुमच्या स्किपने तुम्हाला चारचौघांत ज्या सुरात गप्प केलं, त्यात तो सुर चुकला असण्याची शक्यता आहे. मुद्दा मात्र त्याचा बरोबर होता.

"मागे व्हा" या प्रसंगाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे चांगले खेळाडूही गाफील राहतात. नियम असा की ज्या संघाचा बाऊल खेळला जातो आहे, रिंक त्या क्षणी त्या संघाच्या ताब्यात असते. बाऊल थांबला आणि तो टचर (जॅकला स्पर्श केलेला बाऊल) असेल तर त्याला खूण करण्याइतका वेळ दिला, की ताबा समोरच्या संघाकडे जातो. त्या वेळी तुम्ही हेडच्या बाजूला असाल तर जॅकच्या मागे, हेडपासून बाजूला असायचं. मॅटच्या बाजूला असाल तर मॅटच्या किमान एक मीटर मागे. ताबा आपल्याकडे असतानाच हेडजवळ जाऊन बघायचं, चर्चा करायची, हाताने जागा दाखवायची. समोरचा खेळाडू मॅटवर आल्यावर हेडपाशी वाकून बसणं, इकडून तिकडे जाणं, जॅकच्या रेषेत मागे हात हलवत उभं राहणं, हे त्याच्या हक्काच्या वेळात घुसणं आहे.

हे लहान वाटेल, म्हणून मॅटवरून काय दिसतं ते सांगतो. बाऊल सोडणारा माणूस जॅककडे थेट बघत नाही. तो बाजूचा एखादा बिंदू धरतो, जिथून बाऊल वळायला लागेल. त्याच्या नजरेच्या कडेला जॅक असतो. तिथे पांढऱ्या कपड्यातला एक माणूस पाऊलभर जरी सरकला, तरी नजर त्याच्यामागे जाते आणि हात पाव सेकंद आधी सुटतो. उन्हाच्या वेळी सावलीचंही भान ठेवा. संध्याकाळी सावली लांब पडते आणि ती जॅकवर किंवा रिंकच्या मध्यभागाच्या खुणेवर पडली की मॅटवरून जॅक दिसेनासा होतो. आपण नियमाप्रमाणे योग्य जागी उभे असलो तरी सावली कुठे पडते आहे ते एकदा बघायचं. शेजारच्या रिंकवर जाऊन उभं राहायचं नाही, हेही त्यातच आलं. तिथे दुसरा सामना चालू असतो.

आपला बाऊल टाकल्यावर त्याच्यामागे काही पावलं चालत जायची सवय अनेकांना असते. त्यात वावगं काही नाही, पण बाऊल थांबला की रिंक तुमची राहत नाही. त्यामुळे एकतर लगबगीने जॅकच्या मागे पोहोचा किंवा मॅटमागे परत या. रिंकच्या मध्यावर रेंगाळणारा माणूस समोरच्या संघाला सगळ्यात जास्त त्रास देतो, आणि बहुतेक वेळा बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

सेकंडबद्दल थोडक्यात सांगतो. लीडचे बाऊल चांगले पडले असतील तर त्यात भर घालायची, बिघडले असतील तर दुरुस्त करायचे. बहुतेक संघांत गुणपत्रकही तोच ठेवतो. प्रत्येक एंडनंतर समोरच्या सेकंडशी आकडे जुळवून घेणं ही त्याची शिस्त. हे टाळलं तर चार एंडनंतर दोन पत्रकांवर दोन वेगळे आकडे निघतात आणि ते सोडवायला अंपायरला बोलवावं लागतं.

थर्डचं काम मात्र सगळ्यात नाजूक. त्याला सगळे शॉट यायला हवेत, पण त्याची खरी कसोटी बाऊल टाकून झाल्यावर लागते. थर्डचे बाऊल झाले की स्किप मॅटकडे जातात आणि हेड दोन्ही बाजूंच्या थर्डच्या हाती येतं. आता स्किप ३० मीटरवरून विचारतो, "काय आहे?" चांगला थर्ड सांगतो, "एक खाली (एका गुणाने मागे). जॅकमागे दोन आपले. फोरहँड मोकळा." संपलं. जो थर्ड तीन पर्याय सांगून चौथ्याची शक्यता बोलून दाखवतो, तो स्किपला मदत करत नाही. स्किपने वेगळाच शॉट निवडला तर थर्डने मान हलवायची आणि जागा दाखवायची, चेहऱ्यावर नापसंती दिसू द्यायची नाही. या वेळी लीड आणि सेकंड हेडमागे असतात, आणि त्यांनी स्किपला आपापल्या सूचना ओरडून द्यायच्या नसतात. काही महत्त्वाचं दिसलं, उदाहरणार्थ डिचच्या (हिरवळीच्या टोकाच्या चराच्या) कडेला पडलेला आपला टचर कुणाच्या लक्षात नाही असं वाटलं, तर हळूच थर्डला सांगायचं. पुढे काय कळवायचं ते तो बघेल.

टचरवरून आठवलं. आपला बाऊल जॅकला स्पर्श करून गेला तर पुढचा बाऊल थांबायच्या आत त्याला खडूची खूण व्हायला हवी, किंवा खूण करताना तो हलण्याची भीती असेल तर तसं जाहीर करायला हवं. नाहीतर तो टचर धरला जात नाही, आणि उद्या डिचमध्ये गेला तर बादच. हे हेडपाशी असलेल्यांचं काम आहे. "मी तर लीड, मला काय" असं म्हणून चालत नाही. स्किपच्या लक्षात आलं नसेल तर जरूर सांगा. ही बोलायची वेळ आहे.

आणि आता तो उचललेला बाऊल. एंड संपला की हेडजवळ दोन थर्ड वाकतात. बाकीच्यांनी दोन पावलं मागे व्हायचं. ज्याचा संघ तो एंड हरतो आहे त्या थर्डने आधी उघड दिसणारे शॉट (इथे शॉट म्हणजे जॅकच्या जवळ असल्यामुळे गुण मिळवणारा बाऊल) मान्य करायचे, "एक दिला, दोन दिले", आणि मान्य झालेले बाऊल बाजूला काढायचे म्हणजे मोजणीत गफलत होत नाही. जिथे शंका आहे तिथे दोरीचं माप किंवा टेप निघतो. एखादा बाऊल दुसऱ्यावर रेलून उभा असेल तर आधी त्याला पाचर लावतात, मग शेजारचा हलवतात, कारण आधार काढला की तो बाऊल चार-पाच सेंटिमीटर घरंगळतो आणि शॉट बदलतो. मापाची दोरी जॅककडे नेताना हाताच्या कडेने जॅक हलणार नाही याची काळजी घेताना मी अनुभवी माणसांना श्वास रोखून धरताना पाहिलं आहे. अशा वेळी लीडने मागून येऊन "हा तर लांबच आहे" म्हणून एक बाऊल उचलला, तर त्याचा हेतू कितीही चांगला असो, समोरच्या संघाचा हक्काचा पुरावा नाहीसा होतो. तुम्ही उचललेला बाऊल बहुधा मोजणीत नव्हताच. तरी दोन्ही थर्डनी आकडा जाहीर करेपर्यंत हात मागे. त्यानंतर बाऊल गोळा करून रांगेत लावायचं काम मात्र लीडनेच पुढाकार घेऊन करावं. पुढचा एंड लवकर सुरू होतो.

उरलेल्या गोष्टी भराभर सांगतो. सपाट तळाचे बूट. बाऊल हिरवळीवर आपटायचा नाही, जमिनीलगत सोडायचा. आपटलेल्या बाऊलचा खड्डा दिवसभर सगळ्यांना छळतो. समोरच्याचा चांगला बाऊल पडला तर मोकळेपणाने "छान" म्हणायचं. आपला बाऊल कुणाला तरी घासून नशिबाने जॅकपाशी गेला तर हात वर करून ते कबूल करायचं, पण समोरच्याचा तसा गेला तर "नशीब" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. सुरुवातीला आणि शेवटी हस्तांदोलन करायचं, आणि हरल्यावर आधी हात आपण पुढे करायचा.

तुम्ही एकेरीत मार्कर (खेळाडूंना हेडची माहिती देणारा तटस्थ माणूस) म्हणूनही उभं राहणार आहात, असं प्रश्नाच्या शेवटी लिहिलंत. जरूर राहा, शिकायला याहून चांगली जागा नाही. तिथे विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं. "माझा बाऊल शॉट आहे का?" याचं उत्तर "हो" किंवा "नाही". "नाही, पण बॅकहँडने गेलात तर मिळेल" हे सल्ला देणं झालं, आणि समोरच्यावर अन्याय. मॅटपाशी तुम्ही जे केलंत ते टाळण्याचाच हा सराव आहे, असं धरा.

लीड सोडून दुसरी जागा खेळायची इच्छा असेल तर ती स्किपला सामन्यानंतर सांगा, सामना सुरू असताना नको. "सरावाच्या सामन्यात दोन आठवडे सेकंड खेळून बघू का?" असं विचारा, आणि त्याआधी लीड म्हणून फोरहँड आणि बॅकहँड दोन्हींनी, लांब आणि आखूड जॅकवर, तुमचे बाऊल किती वेळा मॅटच्या लांबीत येतात याची नोंद ठेवायला लागा. ती वही त्याच्यापुढे ठेवलीत तर बोलणं सोपं जाईल. त्या नोंदीत तुमचा फोरहँड पक्का आणि बॅकहँड डळमळीत दिसला, तर मात्र आणखी काही महिने लीडच खेळा, आणि प्रत्येक एंडचा दुसरा बाऊल बॅकहँडने टाका.